साखर नियंत्रणात, संडास विचाराधीन

या, बसा. आणखी जरा पुढे सरका, माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. पिशव्या मांडीवर घ्या म्हणजे मागच्यांना जागा होईल. फक्त दाराजवळची ती कडेची खुर्ची मोकळी राहू द्या. ती कुणाची, ते शेवटी सांगते. बुवांनी पूर्वरंगातच सगळं सांगून टाकलं तर उत्तररंगाला काय नुसती टाळी वाजवायची?

गोष्ट एका संडासाची आहे. नाकं मुरडू नका. देवानं माणसाला तोंड दिलं तेव्हाच पुढची सगळी व्यवस्थाही त्यानंच केली. कौतुक मात्र आपण तोंडाचंच करतो.

आणि गोष्ट आमच्या ह्यांची आहे. हे आता नाहीत. असते तर पहिल्याच वाक्याला बोट वर करून म्हणाले असते, "अगं, मोजून बोल."

मोजणं हा ह्यांचा धर्म. नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षकाची. बाजारात हे दिसले की दुकानदार तराजूला नमस्कार करायचे. सगळ्या सोसायटीत ह्यांना 'काटेसाहेब' म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव काही निवृत्त झालं नाही. तर अशा माणसाला साखर झाली. लोकांना साखर झाली की ते घाबरतात, रडतात, लपवून खातात. हे बदलीच्या गावी रुजू व्हावं तसे साखरेवर रुजू झाले. भात तराजूत, सफरचंदाची फोड तराजूत. कुणाच्या घरी जेवायला गेलो की खिशातून छोटा काटा निघायचा, आणि मी पदराआड तोंड लपवायची. पण साखर मात्र अशी ताब्यात ठेवली की डॉक्टर इतर रोग्यांना ह्यांचे रिपोर्ट दाखवायचे. हे ते रिपोर्ट पाहुण्यांना दाखवायचे. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे.

एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागलेली. माझा चहा. मी दोन चमचे साखर घालते, ते ह्यांना दिसायचं.

"दोन?"

"दोन."

"घाल, घाल. मरायच्या आधी एकदा मी पण पिणार आहे तसला."

"मरायच्या गोष्टी सकाळी सकाळी नकोत," मी म्हणायची, आणि ते आपला बिनसाखरेचा कप काढ्यासारखा संपवायचे.

मग ते लघवीला उठणं सुरू झालं. आधी रात्रीचं, मग दिवसाचंही. आमचं घर तळमजल्यावर. झोपायची खोली मागे, संडास पुढे, पार मुख्य दाराला लागून. वाटेत कपाट, शिवणयंत्र आणि जेवणाच्या टेबलाचा कोपरा. त्या कोपऱ्यानं ह्यांच्या मांडीवर कायमचा निळा शिक्का मारलेला. कीर्तनाला गेलो की हे पुढची जागा सोडून दाराजवळच्या कडेच्या खुर्चीत बसायला लागले. ऐन रंगात कथा आली, गाणारा वरच्या पट्टीत गेला, की हे उठलेच. लोक वळून बघायचे. एकदा पेटीवाल्यानं पेटी वाजवता वाजवता ह्यांच्याकडे बघून मान हलवली. घरी आल्यावर हे म्हणाले, "पुढच्या वेळी तू एकटी जा."

तेव्हा मी ठरवलं. माणसाचं कीर्तन सुटणं म्हणजे काही तरी गंभीर आहे. बाकी कुणालाच ते गंभीर वाटलं नाही, कारण उत्तर सगळ्यांच्या खिशात तयार होतं.

"साखर आहे म्हटल्यावर नळ गळणारच, साहेब!" कंपाउंडर म्हणाले. ते आमच्या शेजारच्या ब्लॉकमधले. जन्मभर एका दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधल्या आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी. दोन्ही अधिकारांमुळे त्यांना कुणी उलट विचारत नसे. "उलट तुम्ही नशीबवान. पुरुषांना ह्या वयात तो प्रोस्टेटचा कर्करोग होतो ना, तो साखरवाल्यांना होत नाही. मी वाचलंय."

"काय सांगता!" हे खूश झाले. "म्हणजे साखरेनं काहीतरी परत केलं म्हणायचं."

मग सोसायटीत तपासणी शिबिर भरलं. तिथे पुरुषांच्या रक्तात प्रोस्टेटचा एक आकडा बघतात, तो ह्यांचा मर्यादेच्या आत आला. अगदी काठावर होता, पण आत. कंपाउंडरांनी पाठ थोपटली. ह्यांनी तो कागदही पाहुण्यांच्या फाइलीत लावला. आकडा बरोबर असला की आमच्या घरात देवघरात दिवा लावल्यासारखं वाटायचं.

उरला प्रश्न चालण्याचा. झोपायच्या खोलीला लागून मागे गॅलरी आहे. तिथे छोटासा संडास काढला तर टेबलाचा कोपराही वाचेल आणि मांडीही. इतकं सोपं काम. गवंडी म्हणाला, "आठवड्यात उरकतं, बाई." मंडळी, कुठलाही गवंडी 'आठवडा' म्हणाला की कोणता आठवडा ते विचारून घ्यावं.

सोसायटीची परवानगी हवी म्हणून कंपाउंडरांनी सभा बोलावली. सूचना-फळ्यावर खडूनं लिहिलं: 'विषय चौथा – तळमजल्यावरील सभासदांच्या लघवीबाबत.' हे दोन दिवस मागच्या फाटकानं ये-जा करत होते. मी जाऊन 'लघवीबाबत' पुसून 'अडचणीबाबत' केलं, तर कुणीतरी खाली लिहिलं, 'लघवीच्या'.

सभेत साखर नसलेला एक माणूस निघाला नाही, आणि सल्ला नसलेला तर नाहीच. एक म्हणाले पाणी कमी प्या. दुसरे म्हणाले जास्त प्या. तिसऱ्यांनी कडू पाल्याचा रस सांगितला आणि स्वतःच्या आठवणीनंच तोंड वाकडं केलं. हे मधोमध खुर्चीवर बसून सगळ्यांचे सल्ले ऐकत होते, आणि त्यात दोनदा उठून गेले. दोन्ही वेळा सभा आदरानं थांबली. त्या आदरानं ह्यांचे कान लाल झाले.

मग आमच्या डोक्यावर राहणाऱ्या वकीलबाई उठल्या. एकट्या राहतात, कुंड्यांवर जीव आणि आवाज कोर्टातला. "माझ्या गॅलरीखाली संडास? वास वर येणार. माझी हरकत लिहून घ्या."

"अहो, वास वर यायला आम्ही काय चिमणी बांधतोय?" मी म्हटलं.

"काकू, भावनेच्या भरात बोलू नका. हवा जायचा पाइप माझ्या भिंतीवरून जाणार की नाही?"

पाइप जाणार होता. विषय तहकूब.

कंपाउंडर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, काम सुरू करा. परवानगी मागून येते. माझा अनुभव आहे." त्यांचा कसला अनुभव होता ते मी विचारलं नाही. गवंड्यानं गॅलरीची भिंत फोडली, आणि भिंतीबरोबर खालचा मुख्य पाइपही फोडला. राडारोडा आत गेला, आणि आमचा जो एक जुना, पुढचा, लांबचा का होईना पण संडास होता, तोही तुंबला. होता तो गेला, नवा आला नाही. नव्याचं भांडं तेवढं आलं. पांढरंशुभ्र, ते दिवाणखान्यात ठेवलं. वर चादर घातली. कंपाउंडर चौकशीला आले आणि बोलत बोलत त्यावर टेकले. हे म्हणाले, "बसा, बसा. उद्घाटन तुमच्याच हस्ते."

पण हसून दिवस जात नाही. ह्यांना तर तासातासाला जायचं. मी जिना चढून वकीलबाईंची घंटा वाजवली. काय तोंडानं वाजवली ते माझं मला माहीत. त्यांनी सगळं ऐकलं, आत गेल्या, आणि किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. "मी कोर्टात असते दिवसभर. काटेसाहेबांना सांगा, विचारत बसू नका. हरकत माझी पाइपाला होती, माणसाला नाही."

तेव्हापासून हे दिवसातून कितीदा तरी जिना चढायचे. कठडा धरून, मध्ये थांबून. कंबर दुखायला लागली. "जिन्यानं," आम्ही म्हणालो. रात्री पाय दुखायचे. "साखरेनं," कंपाउंडर म्हणाले. वजन उतरलं. ह्यांनी स्वतःच्या काट्यावर बघितलं आणि म्हणाले, "पथ्याला यश येतंय." आमच्याकडे प्रत्येक दुखण्याला कारण तयार होतं. दुखण्यालाच कुणी काही विचारलं नाही.

इकडे नगरपालिकेची माणसं येऊन भिंतीवर 'काम थांबवा' चिकटवून गेली. आम्ही दोघं कार्यालयात गेलो. खिडकीच्या जाळीआड बसलेले गृहस्थ चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचायचे, म्हणजे कागद कपाळानंच वाचत असावेत.

"जादा संडास. कारण?"

"वैयक्तिक," हे म्हणाले.

"वैयक्तिक कारणाला परवानगी नाही."

"मग काय सार्वजनिक कारणानं जाऊ?" हे म्हणाले, आणि मी त्यांना कोपरानं ढोसलं.

"आजारपण," मी म्हटलं. "ह्यांना साखर आहे. सारखं जावं लागतं. हे बघा रिपोर्ट."

ह्यांनी अभिमानानं फाइल सरकवली. त्या गृहस्थांनी चष्मा खाली घेतला. पान उलटलं, परत उलटलं. "इथं तर लिहिलंय, साखर नियंत्रणात."

"आहेच!" हे म्हणाले. "कित्येक वर्षं."

"नियंत्रणात आहे, मग सारखं कशाला जावं लागतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कारण जुळत नाही. कारण जुळल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. सरकारी दवाखान्यातल्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांचा दाखला आणा. तोपर्यंत विचाराधीन."

जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाचा काटा कुणीतरी खोटा ठरवला होता. हे बाहेर आले ते तरातरा. "मला खोटं ठरवतो! त्याला म्हणावं, दाखला आणून तुझ्या जाळीवर चिकटवतो." मीही त्या गृहस्थांना घरी येईपर्यंत नावं ठेवली. देवा, ती सगळी नावं मी परत घेतली आहेत. एवढ्या शहाण्यांच्या सभेत जो प्रश्न उठला नाही, तो एका अडवणाऱ्या माणसानं नुसतं अडवायचं म्हणून विचारला होता.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, बोलायला घाईचे, पण ह्यांची फाइल बघून त्यांची घाई थांबली. त्यांनी तपासलं. मग आणखी एक तपासणी, मग हाडांचे फोटो. मला वाटलं दाखल्याला इतकं सगळं लागत असेल. सरकारी काम.

शेवटी त्यांनी दोघांना समोर बसवलं. "काका, साखर उत्तम आहे तुमची. हे साखरेनं नाही. प्रोस्टेटचा कर्करोग आहे, आणि हाडांत उतरलाय."

"नाही हो," हे शांतपणे म्हणाले, जणू दुकानदाराची चूक दाखवत होते. "साखरवाल्यांना तो होत नाही."

"कोण म्हणालं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"पुष्कळ पाहण्यांत असं दिसलंय खरं," डॉक्टर म्हणाले, "की जुन्या साखरवाल्यांत हा जरा कमी सापडतो. कमी, काका. होतच नाही असं नव्हे. आणि रक्तातला तो आकडा त्यांच्यात थोडा खालीच राहतो, म्हणून माणूस बेसावध राहतो. सारखं जावं लागलं की साखरेवर ढकलतो. मग उशिरा सापडतो, आणि उशिरा सापडला की दांडगाई जास्त करतो."

ह्यांनी फाइलीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आकडा बरोबर होता."

"हो. आकडा बरोबर होता."

"काटाच हलका होता म्हणा ना."

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं. नोकरीत असताना दुकानातून घरी आल्यावर ज्या आवाजात ते बोलायचे, तोच तो आवाज होता. एखाद्या म्हाताऱ्या दुकानदारानं कळत नकळत वर्षानुवर्षं खोट्या काट्यावर माल विकलेला सापडला, की ह्यांना राग यायचा नाही. वाईट वाटायचं.

बाहेर पडताना हे वळले. "डॉक्टर, तो संडासाचा दाखला?"

डॉक्टरांनी तो लिहून दिला. एवढं भरभक्कम कारण त्या खिडकीनं कधी बघितलं नसेल.

पुढे इंजेक्शनं सुरू झाली. रोग जरा मागे हटला, पण त्या इंजेक्शनांनी साखर चढली. ह्यांना कर्करोगाचं नाव ऐकून जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. "वर्गात कायम पहिला आणि शेवटच्या परीक्षेत नापास!" तो रिपोर्ट त्यांनी पाहुण्यांच्या फाइलीत लावू दिला नाही. कंपाउंडर रोज येऊन बसायचे. सल्ला द्यायचे नाहीत. एक दिवस नुसतेच म्हणाले, "साहेब, मी अर्धंच वाचलं होतं हो." हे म्हणाले, "अर्धं का होईना, वाचलंत. मी तर नुसता खूश झालो." मग दोघं मिळून बुद्धिबळ खेळले. कंपाउंडर मुद्दाम हरायला गेले, आणि हरण्यातही त्यांनी चूक केली, म्हणून जिंकले.

वकीलबाईंनी हरकत मागे घेतली. एवढंच नाही, काळा कोट घालून स्वतः त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. परवानगी आली. पाइप त्यांच्या कुंड्यांमागून वर गेला. तुंबलेला जुना मोकळा झाला, नवा संडास पुरा झाला, पांढऱ्या फरशा, धरायला दांडा, पलंगापासून चार पावलांवर. आणि त्याच आठवड्यात ह्यांची लघवी पुरती अडली आणि दवाखान्यात त्यांना नळी घालून खाली पिशवी लावून दिली. ज्याच्यासाठी एवढं रामायण, त्याला आता लघवीला जायचं म्हणजे फक्त पिशवी रिकामी करायला जायचं.

मी दाराला टेकून रडले. हे मात्र आत उभे राहून पिशवी उजेडात धरून बघत होते. "अगं, इकडे ये. ह्याच्यावर आकडे आहेत!"

"असू द्या."

"असू द्या काय? रेघा अगदी सारख्या अंतरावर आहेत. चांगलं काम केलंय कुणीतरी."

त्या नळीनं एक मात्र दिलं. एका संध्याकाळी हे म्हणाले, "आज कीर्तनाला येतो." पिशवी धोतराच्या घोळात लपवली, वकीलबाईंनी गाडीतून नेलं. मी म्हटलं, आता उठायचं नाही, पुढे बसा. "नको, माझी जागा ती." दाराजवळच्या खुर्चीतच बसले. कथा होती एका बापाची, ज्याचा मुलगा जंगलात हरवतो. ही कथा आम्ही कितीदा ऐकली असेल. गाणारा वरच्या पट्टीत गेला. मी सवयीनं मागे बघितलं. हे बसलेले होते. पेटीवाल्यानंही बघितलं. शेवटपर्यंत हे उठले नाहीत.

गाडीत म्हणाले, "अगं, तो मुलगा सापडतो!"

"सापडतोच की. नेहमीच सापडतो."

"मला कुठे ठाऊक? मी दरवेळी त्याला जंगलातच सोडून बाहेर जायचो." आणि काचेबाहेर बघत राहिले. "बरं झालं. सापडला ते बरं झालं."

मग पावसाच्या आधी एकदा ते तरुण डॉक्टर घरी आले. तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. त्यांना आवडेल ते खाऊ द्या, काकू." वर्षानुवर्षं ह्या वाक्याची आम्ही वाट बघितली होती. ते आलं तेव्हा मी पुसलेलाच ओटा परत पुसायला घेतला.

मी चहा केला. दोन चमचे साखर घातली. आत नेला. ह्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मोजणाऱ्याला मोजून सांगावं लागत नाही.

एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. गिळला.

"फार गोड आहे गं."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, एकदा..."

"म्हणालो होतो. इतकी वर्षं ह्याच्यासाठी जीव टाकत होतो होय?" आणि हसले, बऱ्याच दिवसांनी, खोकला येईपर्यंत. मग कप माझ्या हातात दिला. "हा तू पी. मला आपला नेहमीचा दे."

मी तो प्यायले, त्यांच्यासमोर बसून. मी दुसरा करून आणला, बिनसाखरेचा, तो ते प्यायले. आमचं नेहमीसारखं झालं. त्यानंतर फार दिवस नव्हते.

संडास अजून आहे. मी वापरत नाही, मला पुढचाच बरा पडतो. पण पोस्टमन येतो, गवंडी अधूनमधून कुठल्या कामावरून जाता जाता येतो, वकीलबाई खाली बसायला येतात. जो जाईल त्याला मी जाऊ देते, आणि बाहेर आला की सांगते की हा काटेसाहेबांचा.

आता ती खुर्ची. तिच्यावर कुणी तरी येऊन बसेल, उशिरा, खाली मान घालून, आणि ऐन रंगात उठेल. तेव्हा वळून बघू नका, हसू नका. पाय आवरून वाट द्या. तो परत आला की मधे काय झालं ते हळू आवाजात सांगा, म्हणजे त्याचा मुलगा जंगलात राहणार नाही. आणि बाहेर पडताना, ओळखीचा असो नसो, त्याला विचारा: कशानं होतंय हे? तो म्हणेल, साखर आहे. तर म्हणावं, ती असेल, पण नुसती तीच का, ते एकदा दाखवून या. एवढं विचारताना आमच्या ह्यांची आठवण काढा. नाव मला घेता येत नाही. तुम्ही आपलं 'काटेसाहेब' म्हणा, त्यांना ते आवडायचं.